कंस बंद करायचा राहिलाय

चूक दाखवल्यावर माणूस हसतो, हे मी आज सकाळी पाहिलं.

माझी बायको सुनंदा शाळेत गणित शिकवते आणि हल्ली हौसेनं प्रोग्रॅमिंग शिकते. तिच्या प्रोग्रॅममधल्या चुका दाखवणाऱ्या कंपायलरचे मराठी संदेश मीच लिहितो. परवा तिच्या स्क्रीनवर माझा संदेश उमटला, 'अनपेक्षित समाप्ती'. ती दचकून म्हणाली, "अहो, कोण गेलं?"

मी तो संदेश बदलला. आज ती पुन्हा तशीच अडली, तेव्हा स्क्रीनवर आलं, 'चौथ्या ओळीतला कंस बंद करायचा राहिलाय.'

"अगंबाई, राहिलाच की!" म्हणून ती हसली, कंस बंद केला आणि प्रोग्रॅम चालला.

किती गोड क्रियापद आहे हे! आमटीत मीठ घालायचं राहिलं, ताईला फोन करायचा राहिला. चूक नेमकी कळते, पण कुणाकडे बोट दाखवलं जात नाही. उलट, अजून वेळ गेलेली नाही, असा दिलासाच मिळतो. घरात रोज बोलतो तो शब्द, आणि मी तो शब्दकोशात शोधत बसलो होतो! त्या आनंदात मी भराभर बाकीचे संदेश बदलायला घेतले.

"अहो, तुमचा चहा प्यायचा राहिलाय!" सुनंदा म्हणाली.

कप उचलला. चहा अजून गरम होता.