दिवे घाटातून परत आलेली गाडी

गाडी बघायला माणूस येणार होता त्या सकाळी मुलगा मला म्हणाला, "आई, तू फक्त चहा कर. बोलायचं मी बघतो."

यात मला वाईट वाटण्यासारखं काही नव्हतं. चार माणसांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. चौथीत शाळा सुटली, तेव्हापासून लिहिणंही वाण्याच्या यादीपुरतं. पण त्या दिवशी मला सांगण्यासारखं काहीतरी होतं. ते सांगितलं असतं तर माझ्या गेलेल्या यजमानांवर दोष आला असता. नसतं सांगितलं तर तो दोष ज्याच्यावर चाळीस वर्षं होता त्याच्यावरच राहिला असता, आणि तोही आता या जगात नाही. सगळं होऊन गेल्यावर हे वहीत उतरवते आहे. कुणी वाचावं म्हणून नाही.

यजमान मुंबई रस्त्यावरच्या एका कारखान्यात वेल्डर होते. कारखान्याला लहान मोटार काढायची होती. त्याआधी नमुना म्हणून एकच गाडी हातानं बनवली. तशी दुसरी कधी झालीच नाही. ती चालवून बघायला एक ड्रायव्हर होता, यजमानांचा जिवलग. दोघं एका डब्यात जेवायचे. दिवे घाटात चाचणी चालू असताना गाडी कठड्याला धडकली आणि तो जागच्या जागी गेला. कारखान्यानं चौकशी करून लिहिलं, चालक वेगात होता. मोटारीचा बेत सोडून दिला. काही वर्षांनी कारखानाच बंद पडला. भंगार विकायला काढलं त्यात ही गाडी होती. यजमानांनी ती घेतली.

माझं माहेर कसब्यातल्या तांबट आळीत. वडील तांब्या-पितळेची भांडी घडवायचे. भाऊ नव्हता, म्हणून त्यांच्यामागे पत्र्याची शेड आणि वरच्या दोन खोल्या माझ्याकडे आल्या. गाडी त्या शेडमध्ये ठेवली. यजमानांनी वडिलांच्याच हातोड्यांनी चेपलेला पत्रा ठोकून सरळ केला, रंग दिला, काचा बसवल्या. आळीतले लोक म्हणायचे, काय हौस आहे माणसाला! एक काम मात्र त्यांनी कधी केलं नाही. स्टिअरिंगचा तुटलेला दांडा जोडला नाही. स्टिअरिंग गरगर फिरायचं आणि पुढची चाकं हलायची नाहीत.

का, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. मुलगा शाळेत गेला होता, मी तांदूळ निवडत होते. ते समोर येऊन बसले आणि बोलून उठून गेले. पुन्हा तो विषय आमच्यात निघाला नाही.

रोज नव्या नोकरीवरून आल्यावर ते गाडीत बसायचे. स्टिअरिंगपुढे कधीच नाही, शेजारच्या सीटवर. मधूनच मान हलवायचे, कुणी विचारल्यावर हलवतो तशी. ते उठून वर गेल्यावर झाडायला मी जायची. सगळ्या गाडीवर धूळ असायची, ड्रायव्हरच्या सीटवर नसायची. मी बोट फिरवून बघितलं आहे. एकदा सुट्टीच्या दुपारी जिन्यात उभी असताना खालून दोन माणसं हळू बोलल्यासारखं ऐकू आलं. मी खाली गेले नाही. वर येऊन भांड्यांचा आवाज करत बसले.

त्या ड्रायव्हरची बायको शनिवार पेठेत राहते. माझ्याहून मोठी, मी त्यांना वहिनी म्हणते. आमच्याकडे संक्रांतीच्या हळदीकुंकवाला विधवेला बोलावत नसत. म्हणून मी दुसऱ्या दिवशी तिळगूळ घेऊन त्यांच्याकडे जायची. "ये गं," वहिनी म्हणायच्या. चहा करायच्या. एकदा म्हणाल्या, "यांना वेगाची हौस नव्हती गं. स्वयंपाकघरातसुद्धा पाय न वाजवता यायचे. पण कागदावर लिहिलंय म्हटल्यावर असेल." मी लाडू खाल्ला आणि घरी आले. असं दरवर्षी.

तर तो माणूस आला. मुंबईच्या एका शौकिनाला गाडी हवी होती आणि ती खरी आहे की नाही हे तपासायला त्यानं याला पाठवलं होतं. वयस्कर, बारीक, सदाशिव पेठेतला. हातात भिंग आणि बॅटरी. त्यानं बॉनेट उघडलं आणि आतल्या पितळी पट्टीवर बराच वेळ वाकून राहिला.

"इथे गाडीचा नंबर असायला हवा," तो म्हणाला.

"असेल की. नीट बघा," मुलगा म्हणाला.

"नीटच बघतोय. मला यात माझ्या मिशा दिसतायत, नंबर दिसत नाही. ही पट्टी कुणी घासली?"

मुलानं माझ्याकडे पाहिलं. "मी," मी म्हटलं. "दर दसऱ्याला, पूजेआधी. चिंच आणि राख लावून."

"किती वर्षं?"

"गाडी आली तेव्हापासून."

त्यानं चष्मा काढला. "काकू, चोरीची गाडी पचवायला लोक नंबर घालवतात. भक्तीनं घालवलेला आज पहिल्यांदा बघतोय."

मी तांबटाची मुलगी. घरात काळं पडलेलं पितळ म्हणजे बाईची लाज, असंच ऐकत वाढले. त्या पट्टीवर काही कोरलेलं होतं हे मला आठवतं, पण दरवर्षी ते थोडं थोडं जातंय हे कधी लक्षात आलं नाही. भांड्यावरची नावंसुद्धा अशीच पुसट होतात, त्याचं कुणाला काय वाटतं?

"आता दुसरा पुरावा हवा," तो म्हणाला. त्याच्या पिशवीत कारखान्याच्या जुन्या चौकशीच्या कागदांची नक्कल होती. "या गाडीला कधी अपघात झाला होता?"

"छे हो!" मुलगा म्हणाला. "एकदम ओरिजनल. ओरखडासुद्धा नाही."

त्यानं बॅटरी पिशवीत टाकली. "मग ही ती गाडी नव्हे. त्या गाडीला मोठा अपघात झालेला आहे. तुमची दुसरीच कुठलीतरी. चांगली आहे, सांभाळा."

"तसा झाला होता म्हणजे... किरकोळ..."

"आता तुम्ही गाडी पाण्यात पडली होती असंही म्हणाल."

मुलानं बॉनेट बंद केलं. अपघात त्याला माहीत होता, किंमत उतरेल म्हणून लपवला. त्यापुढचं त्याला माहीत नव्हतं. तो माणूस चपला घालत होता. माझ्या हातात चहाचा ट्रे होता. मी ट्रे गाडीच्या टपावर ठेवला.

"अहो," मी म्हटलं, "खालून दांडा बघा."

त्यानं गोणपाट मागितलं आणि त्यावर आडवा होऊन आत सरकला. नुसते पाय दिसत होते. मग आतूनच विचारलं, "हा सांधा कुणी केला?"

माहीत नाही, असं मला म्हणता आलं असतं. यजमान बसायचे ती सीट काचेतून दिसत होती. मी तिच्याकडे पाठ केली.

"आमच्या यजमानांनी. आदल्या संध्याकाळी. दांड्याला चीर गेली होती. नवा यायचा होता, पण साहेब म्हणाले, उद्या गाडी बघायला पाहुणे आहेत, तात्पुरतं जोड. यांनी वरवर वेल्डिंगचा टाका मारला. घाटात टिकणार नाही हे यांना कळत होतं. बोलले नाहीत. नोकरीत कायम व्हायचं होतं."

"ड्रायव्हरला तरी सांगितलं?"

"नाही. सकाळी तो निघाला तेव्हा यांनी लांबून हात केला. तेवढाच."

"आई!" मुलगा म्हणाला.

तो माणूस बाहेर आला, कागद काढून जागा ताडून पाहिली. "दांडा इथेच तुटल्याची नोंद आहे. गाडी हीच." मग मुलाकडे न बघता मला म्हणाला, "कारखान्यानं लिहिलंय, धडकेनं तुटला. पण आतलं लोखंड वितळलेलंच नाही, नुसतं वरून चिकटलंय. हा आधी सुटला, मग गाडी धडकली."

"तो वेगात नव्हता असं लिहाल?"

"वेगाचं मला कसं कळणार, काकू? दांडा आधी सुटला, एवढं लिहू शकतो. आणि तुम्ही काय सांगितलंत ते."

"तेवढं लिहा," मी म्हटलं. "आणि त्याचं नाव लिहा."

मी त्याचं नाव सांगितलं. त्या शेडमध्ये ते मोठ्यानं कुणी घेतलं नव्हतं. त्यानं लिहिलं त्याखाली मी सही केली, वेलांटी चुकली.

त्या कागदामुळेच गाडी विकली गेली. मुलगा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "बाबांचं एवढंच राहिलं आता कागदावर." ट्रकवर चढवताना गाडीचं स्टिअरिंग आपोआप एकदा डावीकडे फिरलं. जोडलेलं नव्हतं, उतारानं फिरलं असेल. मी बघितलं एवढं खरं.

कागदाची झेरॉक्स घेऊन मी शनिवारात गेले. वहिनींच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला आहे. "तूच वाच," म्हणाल्या. मी खिडकीपाशी बसून वाचलं, जोडाक्षरांपाशी अडखळत. त्या भिंतीकडे बघत होत्या.

"यांच्या तेराव्याला तुझ्या नवऱ्यानं पंगत वाढली होती," त्या म्हणाल्या. "मला आग्रह करत होता, चार घास खा म्हणून."

मी कागद मांडीवर ठेवला.

"तुला कधीपासून ठाऊक?"

"मुलगा शाळेत होता तेव्हापासून."

त्यांनी पदरानं तोंड पुसलं. रडत नव्हत्या. बाहेर कुणाची तरी स्कूटर सुरू होत नव्हती, किक मारल्याचा आवाज येत होता.

"अजून एकदा वाच," वहिनी म्हणाल्या. "नावापासून वाच, सावकाश. मग तो कागद इथे ठेव आणि जा. परत येऊ नकोस."

मी चष्मा पुसला आणि नावापासून वाचायला लागले.