सुपातला तांबडा खडा

स्वातंत्र्य मिळून दहाएक वर्षं झाली होती. मुळशी खोऱ्यातल्या आमच्या दवाखान्यात डॉक्टर आठवड्यातून एकदा यायचे. बाकीचे दिवस मी, नवशिकी नर्स. बैलगाडीतून, घोंगडीच्या झोळीतून माणसं यायची आणि मी दिवसभर एका पायावर नाचायची. संध्याकाळी दवाखान्याला कुलूप लागे, माझ्या डोक्याला मात्र लागत नसे. घास तोंडात असताना पोरांची रडारड ऐकू यायची. शेवटी ठरवलं, बदली मागायची. मावशींना, म्हणजे ज्यांच्या घरात मी भाड्यानं राहत होते त्या मालकिणीला, डोक्यातल्या रडारडीसकट सगळं सांगूनही टाकलं.

दुसऱ्या दिवशी परतले तर त्यांनी पडवीत तांदळाचं सूप पुढं सरकवलं. "बाई, माजी नजर अधू झालीया. येवढं निवडून द्या."

अस्सा राग आला! दिवसभर राबून आल्यावर हे. पण नाही म्हणवेना. खडा दिसला की वाटीत. दिवेलागणीला सूप संपलं, तेव्हा लक्षात आलं की मघापासून दवाखाना आठवलाच नव्हता. मग ते रोजचंच झालं. सूप, खडे आणि तोंडी लावायला मावशींच्या गावभरच्या चहाड्या. झोप अशी लागायची की कोंबडा आरवलेला कळायचा नाही. बदलीचा विषय मागं पडला.

एक तांबडा, दाताएवढा खडा मात्र ओळखीचा वाटू लागला. काल वाटीत टाकलेला आज पुन्हा सुपात. विचारलं तर मावशी हसत सुटल्या. "तांदूळ कवाच निवडून ठेवलाय. खडं मीच मिसळतीया रोज. सुनंला सातवा लागलाय. तुमी गेलात तर आमी कुनाच्या तोंडाकडं बघायचं?"

"आणि नजर?"

"ती लई चांगली हाय."

माझ्यासाठी एवढी लबाडी कुणी केली नव्हती. मला भरून आलं आणि हसूही आवरेना.

दोन महिन्यांनी सुनेला कळा लागल्या तो डॉक्टरांचा वार नव्हता. पहिलटकरीण, दुपारभर अडली. माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं. दिवस कलताना मुलगी रडली, आई सुखरूप. बाहेर येऊन सांगितलं, तरी मावशी पडवीत खांबाला टेकून बसूनच राहिल्या.

"तिचं वरडणं अजून कानात हाय, बाई."

मी आत गेले. सुपात तांदूळ घेतले, वाटीतले खडे त्यात मिसळले आणि सूप त्यांच्या मांडीवर ठेवलं.

"मावशी, माझी नजर अधू झालीय."

त्यांनी पहिला उचलला तो तांबडाच.