भाजलेल्या तारेचा हार

कोल्हारला हायवेच्या कडेला रॉबिनचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. बाहेर शेतीपंपांच्या जळालेल्या मोटारी पडलेल्या असतात. आत रॉबिन वाकून नवी तार भरत असतो. त्याच्या मागे खिडकीखाली एक टेबल आहे. तिथे त्याची बायको जास्मिन दागिने करते, मोटारीतून निघालेल्या जुन्या तांब्याच्या तारेचे. मी साखर कारखान्यात आयुष्यभर मोटारी भरल्या. आता रिटायर आहे आणि सकाळी तिथल्या बाकावर बसतो.

जास्मिनला हे कोणी शिकवलं नाही. लग्न होऊन आली तेव्हा ती दुकानात इन्सुलेशनचा कागद कापून द्यायची. एक दिवस उरलेल्या तारेची अंगठी वळली. वाईट झाली होती. मी तसं सांगितलं. तिने ती टाकली आणि दुसरी वळली. तीही वाईटच होती. असं पुष्कळ दिवस चाललं. मग एक अंगठी अशी झाली की तिच्यात मला खोट सापडली नाही.

पुढे तारेत इतर वस्तू आल्या. चर्चच्या मोडक्या बाजाच्या पेटीतल्या पितळी पट्ट्या, बैल विकल्यावर घरात पडून राहिलेली घुंगरं, भंगारातल्या घड्याळांचे काटे. ती खिडकीच्या उजेडात मोबाईलवर फोटो काढते आणि इन्स्टाग्रामवर टाकते. पार्सल पुण्याला जातं, नाशिकला जातं, एकदा केरळातही गेलं.

मोटारीसाठी थांबलेले शेतकरी टोमणे मारतात. "रॉबिन, मोटार भरतोस का झुमके?"

जास्मिन मान वर न करता म्हणते, "मोटार दोन वर्षांत पुन्हा आणता तुम्ही. माझा झुमका कुणी परत आणलाय का?"

"माझ्या धंद्यावर कशाला घसरतेस?" रॉबिन म्हणतो.

तिचा सगळ्यात चांगला माल एकाच रंगाचा असतो. पिकलेल्या जांभळाचा, उजेडात धरला की आतून लाल दिसणारा. हा रंग लावलेला नसतो. तारेवर पातळ लेप असतो. मोटार पुरती जळली की त्याचा कोळसा होतो. पण विजेच्या तीनपैकी एखादी फेज गेली, मोटार घुरघुरत राहिली आणि कोणी वेळेत बंद केली, तर तार जळत नाही, भाजते आणि लेपाला हा रंग येतो. अशी मोटार क्वचित येते.

ती आली तरी रंग हातात येईलच असं नाही. जुनी तार काढायला आम्ही मोटारीची बॉडी विस्तवावर ठेवतो. लेप जळतो, तार मऊ होते, ओढली की निघते. रंग हवा असेल तर थंडच ओढावी लागते. एका बाजूचे वळसे छिन्नीने तोडायचे, खाचांतल्या बांबूच्या पट्ट्या ठोकून काढायच्या, मग दुसऱ्या बाजूने चार-पाच तारा पकडीत धरून, बॉडीला पाय लावून ओढायच्या. हाताची सालं निघतात. थिनर ओतलं तर सोपं जातं, पण तारेची चमक जाते. जास्मिन थिनर ओतत नाही.

पुण्याच्या अश्विनी नावाच्या मुलीने या रंगाचे झुमके घेतले होते. जानेवारीत तिचा मेसेज आला. "रविवारी साखरपुडा आहे, त्याच तारेचा हार हवा. आईने सोन्याचा हार आणलाय, पण तो घालणार नाही असं मी सांगून बसलेय. आता तुमच्यावर आहे."

जास्मिनने हो म्हटलं. ज्या मोटारीच्या तारेचे ते झुमके होते, तिची अर्धी तार अजून बॉडीतच होती, कोपऱ्यात.

सोमवारी ती चर्चच्या बायकांच्या सभेला गेली. रॉबिनने दुकान आवरायला काढलं. परत आली तर कोपरा रिकामा.

"ती बॉडी कुठंय?"

"विस्तवावर ठेवून काढली तार. एकदम स्वच्छ निघाली बघ." रॉबिनने काळ्या तारेचं भेंडोळं पुढे केलं. त्याला वाटलं होतं, तिचं काम हलकं केलं.

ती खुर्चीवर बसली आणि दुपारी जेवली नाही. रॉबिन तिच्याभोवती घुटमळत राहिला.

"त्या रंगाचं नेलपॉलिश मिळतं," तो शेवटी म्हणाला.

"तुझ्या वायंडिंगला नेलपॉलिश लावून देऊ का गिऱ्हाइकाला?"

मी नवी तार तव्यावर भाजून बघायला सांगितलं. तिने भाजली. कुठे पिवळी राहिली, कुठे काळी झाली. मंगळवार त्यात गेला, बुधवारही. शुक्रवारी पार्सल निघालं पाहिजे होतं. गुरुवारी सकाळी ती अश्विनीला नाही म्हणून लिहायला बसली. दोन ओळी लिहायची, पुसायची.

तेवढ्यात सहादेवतात्यांचा टेम्पो थांबला. नदीकडेला त्यांची शेती. सोबत बायको, साळूबाई. मागे मोटार.

"लई अर्जंट हाय रॉबिन. कांद्याला पानी चालू हाय. आज सांजच्याला पायजे."

रॉबिनने झाकण उघडलं. जास्मिनने खिडकीपाशी बसल्या बसल्या मान वळवली. तूप करपताना येतो तसा वास होता. ती उठून आली, मोबाईलची बॅटरी लावून आत बघितलं. तोच जांभळाचा रंग होता.

"तात्या, ही तार मला द्याल?"

"घे की. मला मोटारीशी मतलब."

"टाकतो विस्तवावर," रॉबिन म्हणाला.

जास्मिनने बॉडीवर हात ठेवला. "विस्तव नाही."

"थंड ओढायची तर ओढण्यातच दिवस जाईल. भरू कधी?"

सहादेव दोघांकडे बघत होते. "म्हंजी माझा कांदा वाळवून तू हार करनार?"

त्यांचं चुकत नव्हतं. जुनी तार मालकाची असते आणि मोटार वेळेवर देणं हे दुकानाचं काम. जास्मिनलाही ते माहीत होतं. तिने त्या मुलीचं सगळं सांगितलं.

साळूबाई टेम्पोला टेकून ऐकत होती. "सोन्याचा न्हाई घालत म्हनती?"

"नाही म्हणते, मावशी."

"एक तर येडी हाय न्हाईतर लई शानी." मग म्हणाली, "या मोटारीत काय हाय एवढं?"

"ही जळायच्या आत कुणीतरी बंद केली. म्हणून तार अशी भाजली."

साळूबाईने नवऱ्याकडे बघितलं. "सांगा की, कुनी बंद केली."

"तूच केली बाई," सहादेव म्हणाले.

"हे टपरीवर बसले हुते. मी घास कापत हुते. आवाज बदलला तशी पळाले आन् खटका पाडला." ती बॉडीपाशी वाकली. जास्मिनने बॅटरी धरली. साळूबाईने बराच वेळ बघितलं. "असा रंग हाय व्हय." सरळ झाली आणि पदर खोचला. "ही इस्तवात न्हाई जायची. तुमी बसा वढायला."

"मी?"

"मग कोन? टपरीवर जाता?"

सहादेव बसले. मीही बसलो. छिन्नी मी चालवली. आळीपाळीने पाय लावून ओढायचं ठरलं. निघालेली तार साळूबाई सोडवायची, जास्मिन लांबीप्रमाणे लावायची. रॉबिन तोवर साच्यावर नवी भेंडोळी गुंडाळत होता, म्हणजे बॉडी मोकळी होताच भरता येणार होती. हे त्याला आधीच सुचायला हवं होतं. मी तसं सांगितलं.

"झटका देऊ नका तात्या, तार तुटते. ओढ हळूहळू वाढवत न्या," मी म्हणालो.

"मिस्तरी, कारखान्यात असंच आरामात वढायचे का? तरीच ऊस वावरात उभा ऱ्हायचा आमचा."

"बोलण्यात ताकद घालवू नका."

दुपारी साळूबाईची भाकरी आणि जास्मिनचं कालवण सगळ्यांनी मिळून खाल्लं. सहादेवांच्या तळहाताला फोड आला होता. तो त्यांनी बायकोला दाखवला. तिने बघितला नाही. ऊन उतरताना शेवटची खाच मोकळी झाली.

रॉबिन म्हणाला, "आता लगेच भरतो. रात्रीत वार्निश वाळेल. उद्या सकाळी शेतीची लाईट यायच्या आत न्या."

जास्मिनने संध्याकाळी विणायला घेतलं. एकेक तार लाकडी खुंटीवरून ओढून सरळ करायची, तीन तारांची वेणी घालायची, वेणीची कडी वळायची. सकाळी मी पोहोचलो तेव्हा हार होत आला होता. मधली एक कडी सैल होती. मी बोट ठेवलं. तिने ती सोडवून पुन्हा वळली.

टेम्पो आला. सहादेव आणि रॉबिन मोटार चढवायला लागले. साळूबाई सरळ टेबलापाशी आली.

"बघू."

जास्मिनने हार तिच्याच गळ्यात घातला, खिडकीत उभं केलं आणि फोटो काढून पुण्याला पाठवला. आम्ही थांबलो. मोबाईल वाजला. जास्मिनने वाचून दाखवलं.

"हाच. आईला दाखवला. ती म्हणाली, त्या बाईंना किती शोभतोय, घाल हाच."

"बाई कुनाला म्हनती?" साळूबाईने विचारलं.

बाहेर सहादेवांनी हॉर्न वाजवला.

"थांबा," ती ओरडली. "काढाया येळ लागतो."

तिने आरशात एकदा बघितलं, मग हार काढून दिला. जास्मिनने तो पुसला, कापसात ठेवला, खोकं बंद करून वर पत्ता लिहिला. साळूबाईने खोकं उचललं आणि टेम्पोत बसून मांडीवर घेतलं.

"आधी कुरिअर," ती नवऱ्याला म्हणाली. "कांदा कुठं पळत न्हाई."