तरवड कुणी उपटला?

“ही पोरगी वैऱ्याला सोडून घरच्यालाच मारतीय,” मेंढरं राखणारी म्हातारी मेंढीच्या कानात, पण मला ऐकू येईल असं म्हणाली. विद्यापीठाच्या नामांतराच्या मोर्चांमुळे कॉलेज बंद होतं, म्हणून आम्ही विद्यार्थी सरांबरोबर टेकडीवर माजलेली परदेशी घाणेरीची झुडपं काढत होतो. पिवळी फुलं बघून, घाणेरीच समजून, मी मात्र इथल्याच मातीतलं तरवडाचं झुडूप उपटलं होतं.

“हे कुणी केलं?” सरांनी विचारलं.

म्हातारीनं मला डोळा मारला. “माझ्या मेंढीनं, साहेब. लई वांड हाय.”

तरवडाला मेंढी तोंडही लावत नाही, हे सरांना ठाऊक नव्हतं. “उद्यापासून मेंढरं इथं आणायची नाहीत.”

म्हातारीचा जुना माळ कारखान्यांखाली गेला होता. चरायला ही टेकडीच उरली होती. तरी ती मिस्कीलपणे हसत होती.

“सर, मेंढी निर्दोष आहे,” मी म्हणाले. “तरवड मी उपटला.”