गिरजाने बांधलेली न्हाणी

माझी धाकटी जाऊ गिरजा हिच्या घरात आता सगळीकडे गुळगुळीत फरशी बसली आहे. तिच्या मुलाने दोन वर्षांपूर्वी गवंडी लावून ती बसवली. फरशी सुंदर आहे, यात शंका नाही. तरीही त्या घरात पाऊल टाकले की मला आधीचे घर आठवते. त्याच्याबरोबर तो माघ महिनाही आठवतो, जेव्हा गिरजाने स्वतःच्या हातांनी एकेक खोली सुधारली होती. आमच्या गावात मोठ्या माणसांविषयी पुष्कळ बोलले जाते. गिरजाविषयी कोणी बोलत नाही, म्हणून मी जे डोळ्यांनी पाहिले ते लिहीत आहे.

आम्ही कोहळी समाजाचे, पिढ्यान्‌पिढ्या तलाव बांधून पाणी अडवणारे. अर्जुनी-मोरगाव तालुक्यातील आमच्या गावाचा तलाव आमच्याच वाडवडिलांनी बांधला. गिरजा लग्न होऊन आली तेव्हा सतरा वर्षांची होती. त्याच वर्षी रोवणीच्या दिवसांत आमच्या धानाच्या बांधीचा धुरा, म्हणजे शेताभोवतीचा मातीचा बांध, रात्रीच्या पावसाने फुटला. पुरुषमंडळी फावडी घेऊन पोहोचली, तोपर्यंत गिरजाने गवताचे पुंजके आणि चिखल दाबून पाणी अडवले होते. सासरे थोडे बोलणारे गृहस्थ होते. ते एवढेच म्हणाले, "हिच्या हाताले पाणी ऐकते." गिरजाला त्या वाक्याचा आयुष्यभर अभिमान वाटत आला.

नऊ वर्षांपूर्वी तिची मुलगी रविता गरोदर होती. रविताचे सासर गोंदियाला आहे. पहिले बाळंतपण माहेरी व्हावे, अशी आमच्याकडील रीत आहे. परंतु रविताच्या सासूबाई कुंदाबाई यांनी जावई तिलक यांच्याकडून निरोप पाठवला की, मी आधी घर पाहीन आणि मगच सुनेला पाठवीन. स्वयंपाकघरात धूर, आतल्या खोलीत ओल आणि आंघोळ बांबूच्या तट्ट्याच्या आडोशाला, अशा घरी सातव्या महिन्यातली पोर ठेवणे त्यांना पटत नव्हते. त्यांचे म्हणणे खोटे नव्हते.

 निरोप आल्यावर तिसऱ्या दिवशी गिरजा माझ्या दारात येऊन बसली.

"बाई, पोरीचं पहिलं बाळंतपण माह्या घरी नाई झालं, तर मी माय कायची?"

तिचे यजमान, म्हणजे माझे धाकटे दीर लक्ष्मीचंद, गवंडी शोधण्यास गेले. त्या वर्षी तालुक्यातील सगळे गवंडी घरकुलांच्या कामात गुंतले होते.

"एप्रिलनंतर येतो म्हणते मिस्त्री," त्यांनी परत येऊन सांगितले.

"तवपर्यंत काय पोट थांबन?" गिरजा म्हणाली आणि तिने पदर खोचला.

प्रथम तिने स्वयंपाकघर हाती घेतले. चूल भिंतीलगत सरकवली. चुलीच्या वरची छपराची चार कवेलू काढली आणि बूड फोडलेला माठ तेथे बसवला. पाऊस आत येऊ नये म्हणून त्यावर एक कवेलू तिरपे ठेवले. धूर त्या माठातून वर जाऊ लागला. शेजारी एक काचेचे कवेलू घातले, त्यामुळे दिवसा भांडी शोधताना दिवा लावावा लागेना. नंतर आतली खोली. भिंतीच्या पायाशी आलेला खार तिने खुरप्याने खरवडला. माती, शेण आणि धानाचा कोंडा दोन दिवस भिजत घालून तेथे जाड लेप दिला आणि तो वाळल्यावर पांढऱ्या मातीचे तीन हात दिले. खाटेच्या पायांखाली विटा ठेवल्या, म्हणजे जड पोटाच्या बाईला उठताना त्रास होणार नाही. त्या दिवसांतील ओल्या पांढऱ्या मातीचा वास मला अजून विसरता आलेला नाही. आता घरांना रंग देतात, परंतु रंगाला तो वास नसतो.

शेवटी न्हाणी राहिली. मागच्या अंगणात विटांच्या चार भिंती रचल्या, जुन्या फळ्यांचे दार केले. नाल्याची रेती मी आणून दिली. गिरजाने तलावाच्या पाळीवरची माती ठोकतात तशी खालची जमीन धुमसाने ठोकली, चहूबाजूंनी चार बोटे उंच काठ ठेवला आणि आत सिमेंट ओतून थापीने घोटले. मोरीसाठी पाइपही बसवला. काम इतके पक्के झाले की एकही भेग दिसत नव्हती. आम्ही दोघी बराच वेळ त्याकडे पाहत उभ्या होतो.

न्हाणी झाल्यावर पाचव्या दिवशी दुपारच्या गाडीने कुंदाबाई आल्या. त्यांनी स्वयंपाकघर पाहिले आणि मान हलवली. खाट हाताने हलवून पाहिली. मग न्हाणीच्या दाराशी उभ्या राहून त्यांनी भरलेली बादली मागितली आणि सगळे पाणी आत ओतले.

पाणी मध्यभागी जमले आणि तेथेच राहिले. मोरीकडे एक थेंब गेला नाही.

"अरे बाप रे! ये तो तालाब हो गया!" कुंदाबाई म्हणाल्या. "विहीणबाई, न्हाणी बांधली का मासे पाळाले जागा केली?"

लक्ष्मीचंद यांना हसू आवरले नाही. गिरजाचा चेहरा मात्र उतरला. जन्मभर पाणी अडवलेल्या हातांनी येथेही पाणी अडवूनच ठेवले होते, आणि हे आमच्यापैकी कोणाच्याच लक्षात आले नव्हते.

"हासू नका, भाऊ," कुंदाबाई गंभीरपणे म्हणाल्या. "साबणाचं पाणी असं साचलं आन् पोरीचा पाय सरकला, तर मी तिलकले काय तोंड दाखवू? मी नाई पाठवत."

 गिरजाने कोपऱ्यातील सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, उचलली आणि न्हाणीच्या मधोमध घाव घातला.

"अवो, काऊन फोडून राहिल्या? चार दिवसांचं काम!" कुंदाबाई म्हणाल्या.

"तुमच्या गाडीले दोन घंटे आहेत, विहीणबाई. तुम्ही बसून पाहा आन् चुकलं तिथं सांगा. पाणी सोडाले मले कोणी शिकवलं नाई."

"आपल्यात कोणालेच नाई शिकवलं," कुंदाबाई म्हणाल्या. त्यासुद्धा कोहळ्यांचीच लेक. "सात पिढ्या अडवण्यातच गेल्या."

मी पुन्हा रेती चाळली. गिरजाने समोरच्या कोपऱ्यात खिळा ठोकला आणि तेथून मोरीपर्यंत दोरी ताणली. दोरीचे मोरीकडील टोक चार बोटे खाली बांधले. त्या दोरीच्या खाली ती सिमेंट भरू लागली. कुंदाबाई पाटावर बसून पाहत होत्या.

"इथं उंच राहिलं."

"कुठं?"

"इथं वो, डोळे कुठं आहेत तुमचे?" असे म्हणून त्या उठल्या, पदर खोचला आणि थापी स्वतःच घेतली. "दहा वर्षं झाली, असल्या कामाले हात नाई लावला मी. गोंदियाले सगळं तयारच भेटते."

परतीची गाडी शिटी वाजवून निघून गेली. त्यांनी वर पाहिले नाही. सिमेंट थोडे बसल्यावर त्यांनी खराटा मागितला आणि ओल्या सिमेंटवर आडव्या रेघा ओढल्या.

"गुळगुळीत नको. असं खरबरीत राहिलं म्हणजे पाय धरन."

त्या रात्री त्या आमच्याकडेच राहिल्या. सकाळी त्यांनी तांब्याने हळूहळू पाणी सोडले. पाणी रेघांमधून सरकत मोरीतून बाहेर गेले. एका कोपऱ्यात तळहाताएवढे पाणी तेवढे राहिले. गिरजा छन्नी आणण्यास वळली, तेव्हा कुंदाबाईंनी तिचे मनगट धरले.

"राहू द्या. एवढंही नाई राहिलं तर कोहळ्याचं घर कोण म्हणन?"

मग त्यांनी अंगणातूनच फोन लावला. "तिलक, रविताची पेटी भरून ठेव. नाई, तू राहू दे. मीच आणून सोडते."

रविता चौथ्या दिवशी आली. वैशाखात तालुक्याच्या दवाखान्यात तिला मुलगी झाली आणि तिसऱ्या दिवशी मायलेकी घरी आल्या. नाळ पडल्यावर बाळाची पहिली आंघोळ होती. गिरजा त्या न्हाणीत पाटावर पाय लांब करून बसली आणि नातीला तिने पायांवर पालथे घेतले. कुंदाबाई कोमट पाण्याचा तांब्या घेऊन वाकल्या, पण ओतण्याआधी थांबल्या.

"पाय धरते का, विहीणबाई?"

"धरते," गिरजा म्हणाली. "टाका पाणी."