दळलेल्या तांदळाचा माझा शोध

तीन महिने मी भाताच्या एका शितालाही शिवलो नाही आणि तरी माझी पँट मला कमरेत होईनाशी झाली.

याला कारण माझं डोकं. आधी डोक्याची काळजी केली आणि मग डोकं चालवलं, असा तो क्रम आहे. मी रसायनीच्या एका कारखान्यात स्टोअरला आहे. मागच्या वर्षी नवे साहेब आले आणि सगळ्यांची ओळख करून द्यायला मी हौसेने पुढे झालो. शेजारच्या टेबलावरच्या माणसापाशी आलो आणि अडकलो. एकोणीस वर्षं आम्ही एकमेकांच्या डब्यातलं खातोय, त्याच्या मुलीच्या लग्नात मी पंगत वाढलीय, आणि त्याचं नाव काही केल्या आठवेना! शेवटी "आणि हे आपले... हे" असं म्हणून मी पुढे सरकलो. चार दिवस त्याने माझ्या डब्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

माझ्या बायकोने, सुनंदाने, सगळं ऐकून घेतलं आणि तुमचं लक्ष कधी जाग्यावर असतं का, असं विचारून विषय मिटवला. पण मी घाबरलो होतो. माझे वडील शेवटची काही वर्षं मला माझ्या काकाच्या नावाने हाक मारायचे आणि मी मुकाट ओ द्यायचो. आता आपली पाळी आली, असं वाटून घास घशाखाली उतरेना. (अगदीच उतरत नव्हता असं नाही. जरा सावकाश उतरायचा.)

म्हणून सुनंदाला घेऊन आमच्या लोधिवलीहून चौक गावी गेलो आणि एका डॉक्टरबाईंना दाखवलं. त्यांनी रक्त तपासलं. साखर कशीबशी हद्दीत होती, पण इन्शुलिन वाढलेलं होतं. "इन्शुलिन भरपूर आहे," त्या म्हणाल्या, "पण तुमचं शरीर त्याचं ऐकत नाही." हे मला लगेच समजलं. घरात मीही भरपूर बोलतो.

पण मी डोकं दाखवायला आलो होतो आणि बाई पोटाचं बोलत होत्या. तसं विचारल्यावर त्यांनी सांगितलं की मेंदूलाही इन्शुलिनचा निरोप लागतो, गोष्टी लक्षात ठेवण्याच्या कामातही त्याचा हात असतो. शरीराने वर्षानुवर्षं त्याचं ऐकलं नाही तर पुढे विसरण्याचा धोका वाढतो, असं दिसतं. नेमकं कसं, ते अजून पुरतं उलगडलेलं नाही. आणि एका माणसाचं नाव विसरलं म्हणून लगेच काही ठरत नाही, हेही त्या दोनदा म्हणाल्या. मी मात्र थक्क झालो. पोट कुठे, मेंदू कुठे, आणि मधल्या मधे हा निरोप्या! चौकपासून घरापर्यंत मी सुनंदाला तेच समजावत आलो. बाईंनी सांगितलेलं पथ्य तिनेच लक्षात ठेवलं: भात बंद, गोड बंद, जेवल्यावर अर्धा तास चालायचं, काय खाल्लं ते रोज वहीत लिहायचं आणि तीन महिन्यांनी दाखवायला यायचं.

त्या संध्याकाळी सुनंदाने माझ्या ताटात भात वाढला नाही. भाकरी वाढली. आमच्याकडे भाकरी तांदळाचीच असते, पांढरीशुभ्र आणि टम्म फुगलेली. वाढताना तिचा हात थबकला.

"अवो, पन ही बी तांदळाचीच हाय ना? चालंल का?"

मी विचारात पडलो. (तिथेच घात झाला.) "हे बघ," मी म्हणालो, "अख्खा दाणा पोटात गेला की शरीराला तो फोडावा लागतो. मग इन्शुलिनची धावाधाव. तांदूळ दळला की निम्मं काम चक्कीनेच केलं. शरीराला आराम."

"डॉक्टरबाय असं बोलल्या?"

"त्यांनी कशाला बोलायला पाहिजे? आपल्याला समजतं की."

तिथून माझ्या शोधाची घोडदौड सुरू झाली. सकाळी घावणे, कारण दळलेले. दुपारी भाकरी, कारण दळलेली. पोह्यांपाशी जरा घोळ झाला, कारण ते दळलेले नसतात. पण कुटलेले असतात, म्हणून तेही पास केले! भिवपुरीच्या मेहुणीला पथ्याचं कळलं तेव्हा तिने मायेने तांदळाचे पापड पाठवले, डबा भरून. जेवल्यावर अर्धा तास चालायचो, चालून भूक लागायची आणि मग पापड भाजले जायचे. त्यानंतर सुनंदा वही घेऊन बसायची, मी दिवसभराचं खाणं आठवून सांगायचो आणि ती लिहायची. लिहिताना ती माझ्याकडे निरखून बघायची. मला वाटायचं, हस्ताक्षराचं काहीतरी असेल.

तीन महिन्यांनी बाईंनी नवा रिपोर्ट पाहिला आणि चष्मा काढला. सगळे आकडे चढले होते. भात चालूच ठेवला का, असं त्यांनी विचारलं. मी दुखावलो. एक शीत नाही, म्हणालो. मग काय खाता ते दाखवा, असं त्या म्हणाल्या आणि सुनंदाने पिशवीत हात घातला. वही घरीच राहिली होती. तिचा चेहरा एवढासा झाला.

"वही कशाला पाहिजे?" असं म्हणून मी सुरुवात केली. सोमवारी घावणे चार, दुपारी भाकऱ्या तीन, रात्री भाकऱ्या तीन आणि पापड पाच. मंगळवारी पोहे. असं करत मी मागच्या महिन्यात शिरलो. बाईंनी आधी पेन खाली ठेवलं, मग डोक्याला हात लावला. पीठ झालं म्हणजे शरीराला आराम नसतो, म्हणाल्या, उलट साखर आणखी लवकर रक्तात येते.

तेव्हा सुनंदाने विचारलं, अगदी हळू आवाजात, "बाय, यांच्या डोस्क्याला काय झालंय का? सासऱ्यांचं झालं तसं?"

तीन महिने ती वहीआडून काय तपासत होती, ते मला तेव्हा कळलं. बाईंनी मला काही शब्द लक्षात ठेवायला सांगितले, उलटे आकडे म्हणायला लावले, घड्याळ काढायला लावलं. मग त्या सुनंदाकडे वळल्या. "आठवण अगदी ठीक आहे. काळजी करू नका. फक्त आता तांदूळ खरोखर कमी करा."

सुनंदाने पदराने डोळे पुसले. मग पदर खाली करून तिने माझ्याकडे पाहिलं.

"डोस्कं ठीक हाय, तर मंग यांनी असं का केलं?"

बाईंनी रिपोर्टची घडी घातली. "त्याची तपासणी अजून निघालेली नाही," त्या म्हणाल्या.

मी खुर्ची पुढे ओढून विचारलं, "कधीपर्यंत निघेल?"