कुठं उभं राहून ऐकलंत?

"कुठं उभं राहून ऐकलंत?" नर्सबाईंनी ज्याला हा प्रश्न कधी विचारला नाही, असा माणूस त्या गावात सापडणं अवघड होतं. बायको सकाळपासून कण्हतेय म्हणून एखादा नवरा धावत आला, की बाई पिशवीत सामान भरायला लागायच्या आणि भरता भरता विचारायच्या, "कुठं उभं राहून ऐकलंत? कट्ट्यावर बसून, की आत जाऊन?" मग त्याला पुढं घालून बाई चालू लागायच्या.

मला हा प्रश्न विचारला गेला तेव्हा मी खुर्चीत बसलेलो होतो.

दुष्काळाची सालं नुकतीच सरली होती. मी रस्त्यांच्या खात्यात नवा ओव्हरसियर, मुक्काम अकलूजला. तिथून सात-आठ मैलांवरच्या एका गावात रस्ता बाजारपेठेतून जायचा आणि गावच्या विहिरीपाशी असा काही वळायचा, की उसाच्या दिवसांत बैलगाड्या आणि ट्रक एकमेकांत अडकून तास तास उभे राहायचे. म्हणून रस्ता गावाबाहेर सरकवायचं ठरलं. नवी आखणी माझ्याच हातची होती, रूळ ठेवून ओढल्यासारखी सरळ. ती गावच्या सरकारी दवाखान्याच्या मागच्या भिंतीपासून वीस पावलांवरून जात होती. नकाशावर दवाखाना म्हणजे एक छोटा चौकोन.

दवाखान्याच्या नर्सबाईंनी वर अर्ज केला. तो फिरत फिरत माझ्या टेबलावर आला. त्यावर शेरा होता : रस्ता सरकवल्याने वाहतुकीच्या व कामाच्या आवाजाचा दवाखान्यास त्रास होईल काय, पाहून कळवावे. मी पाहिलं नाही, कळवलं मात्र. "त्रास संभवत नाही." तीन शब्द, खाली सही.

आठवड्यानं एक बाई दारात उभ्या राहिल्या. पांढरं पातळ, पायांत धुळीनं माखलेल्या चपला, वय पंचेचाळीसच्या आसपास. हातात माझ्याच अहवालाची नक्कल. त्यांनी ती माझ्यासमोर ठेवली, सहीवर बोट ठेवलं आणि शांतपणे विचारलं, "कुठं उभं राहून ऐकलंत?"

तुमच्यापैकी ज्यांनी सरकारी नोकरी केली असेल, त्यांना माझी त्या वेळची अवस्था सांगायला नको. मी म्हणालो, "बाई, अंदाजानं लिहिलं."

मला वाटलं आता आवाज चढेल. चढला नाही. त्या म्हणाल्या, "बुधवारी या. गरोदर बायकांचा दिवस असतो. येताना तुमचा तो रोलर आणा की."

बुधवारी गेलो. रोलर चालवायला सोलापूर शहरातले एक चाचा होते. ते रोलरशी माणसासारखं बोलायचे, माणसांशी मात्र फार कमी. बाईंनी त्यांना सांगितलं, "चाचा, या साहेबांनी जिथं खुंट्या ठोकल्यात तिथनं चालवा. मी हात केला की सुरू."

आत तपासणीच्या खोलीत गावच्या तात्यांची मुलगी निजलेली होती. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. उशाशी तिची आई. मी परका पुरुष, म्हणून मला पडद्याच्या बाहेर स्टुलावर बसवलं. पडद्याच्या कडेला एक टेबल होतं. पलीकडून बाईंचा एक हात त्या टेबलावर येत होता, तेवढाच मला दिसत होता.

"हे बघा," बाई आतून म्हणाल्या, "मी पोटाला लाकडी नळी लावून बाळाचे ठोके ऐकणार. ऐकीन तसं बोट आपटणार. तुम्ही घड्याळ बघा आणि कागदावर टिंबं काढा."

बोट सुरू झालं. शिवणाच्या मशीनसारखं भराभर, पण एकसारखं. बाई पुटपुटत मोजत होत्या, "ओंदु, यरडु, मूरु, नाल्कु..." त्या मूळच्या अक्कलकोटकडच्या. बोलणं सगळं मराठीत, पण मोजणं आईच्या भाषेत, कन्नडमध्ये. मी टिंबं काढत होतो. ज्याचा जन्म अजून व्हायचाय अशा माणसाची हजेरी मी घेतोय, हे मला पाच-दहा टिंबांनंतर उमगलं आणि पेन्सिल जरा जपून धरावीशी वाटली.

बाईंनी खिडकीतून हात केला. मागं रोलर धडधडला. खिडकीची तावदानं वाजायला लागली. बोट अडखळलं, दोनदा चुकल्यासारखं पडलं आणि मग थांबलं. घड्याळाचा काटा पुढं जात राहिला आणि ते बोट तसंच टेबलावर अधांतरी.

"आगं बाई, काय झालं?" आत तात्यांची बायको घाबरून म्हणाली. "थांबलं का काय?"

"बाळाचं चालू हाय," बाई म्हणाल्या. त्या गावच्या बायकांशी गावचंच बोलायच्या. "त्येला काय न्हाय झालं. मला ऐकू येईना झालंय." मग पडदा किंचित सारून माझ्याकडं बघत म्हणाल्या, "त्रास संभवत नाही, नाही का?"

मग आम्ही रोलर मागं मागं नेत गेलो. साठ पावलांवर बोट अडखळत का होईना चालत होतं. दीडशे पावलांवर, तात्यांच्या उसाच्या बांधापाशी, ते सुरळीत चाललं. तिथनंच उसानं भरलेला एक ट्रकही नेऊन पाहिला. बोट थांबलं नाही. रस्ता कुठून जायला हवा याचा मला एवढा स्पष्ट नकाशा पुन्हा कधी कुणी दिला नाही.

अडचण एकच होती. दीडशे पावलांवर तात्यांची जमीन लागत होती आणि तात्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं, "माज्या उसातनं रस्ता न्हाय जायचा. हितं माजा बाप राबलाय." मी दोनदा समजावून आलो होतो. दोनदा चहा मिळाला होता, जमीन नाही.

बाई म्हणाल्या, "मी नाही सांगणार त्यांना. जिनं ऐकलंय ती सांगेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्या स्वतःच माझ्याकडं आले. मान खाली, हातात टोपी. "मालकीण रातभर पाठीशी लागली," म्हणाले. "पोरीच्या पोटातलं पोर हाक मारतंय आन् तुमच्या रोलरपायी बाईस्नी ऐकू येत न्हाय म्हनं. कुटं ठोकायच्या त्या खुंट्या ठोका. पर माज्या हिरीला हात लावू नका."

विहीर वाचवून आखणी केली. ती रूळ ठेवून ओढल्यासारखी राहिली नाही. मी टिंबांचा कागद आमच्या मोठ्या साहेबांपुढं ठेवला. ते आधी म्हणाले, "आवाजाला इस्टिमेटमध्ये रकाना कुठाय?" मग त्यांनी कागद जवळ ओढला. टिंबांची ओळ, मध्येच कोरी जागा, पुन्हा ओळ. कोऱ्या जागेवर त्यांचं बोट बराच वेळ होतं. "हे काय आहे?" मी सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "जमीनवाला राजी आहे ना? मग वळवा."

काम सुरू झालं. रस्ता लांब गेला तरी खडी फोडण्याची जागा दवाखान्यामागच्या माळावरच होती, कारण दगड तिथंच होता. तीस-चाळीस बायका दिवसभर हातोडे चालवायच्या. अधूनमधून सुरुंग लागायचे. त्यावरही बाईंनी तोड काढली. बाळंतपण चालू असलं की दवाखान्याच्या कठड्यावर सरकारी लाल कांबळं टाकायचं. कांबळं दिसलं की हातोडा, रोलर, सुरुंग, सगळं बंद.

ठेकेदाराचा मुकादम वैतागला. "बाई, असं दिवसाआड कांबळं लावलं तर रस्ता पुढच्या शिमग्याला व्हईल."

"होऊ दे की," बाई म्हणाल्या. "बोंब मारायला तोच दिवस बरा."

चाचांना मात्र हे मनापासून पटलं होतं. कांबळं दिसताच ते हात वर करून ओरडायचे, "हौ बाई, बंद करतूं!" आणि रोलरच्या सावलीत टोपी तोंडावर घेऊन आडवे व्हायचे. माझा असा समज आहे, की त्या गावातल्या प्रत्येक बाळंतपणाची सगळ्यांत जास्त वाट चाचाच बघायचे.

मग तो बाजाराचा दिवस आला.

खडी फोडणाऱ्या बायकांत गंगू नावाची एक होती. नातेपुत्याकडची. दिवस भरत आलेले, तरी कामावर यायची. दुपारी जेवणानंतर तिला कळा सुरू झाल्या. बायकांनी तिला हाताला धरून दवाखान्यात नेलं आणि कांबळं कठड्यावर पडलं. हातोडे थांबले. रोलर थांबला. बायका मांडीवर हातोडे घेऊन बसून राहिल्या. त्या माळावर इतके महिने काम करून मी पहिल्यांदाच तिथली शांतता ऐकली. टिटवी ओरडत होती. लांब कुठंतरी मोटर चालू होती.

बाई बाहेर आल्या त्या जवळजवळ पळतच.

"ओव्हरसियर, ठोके मंदावलेत. आत्ता नीट होते, आत्ता निम्म्यावर आले. अकलूजला न्यायचं, मोठ्या दवाखान्यात. ताबडतोब."

जुना रस्ता बाजारातून जाणारा, आणि बाजाराच्या दिवशी त्यातून बैलगाडीसुद्धा तासाभरात निघाली नसती. नव्या रस्त्यावर नुसती खडी दाबलेली होती, तो अजून खुला झाला नव्हता. मी बाईंकडं पाहिलं. त्यांनी रस्त्याकडं पाहिलं.

"गाडी जाईल का यावरनं?"

"जाईल," मी म्हणालो. या वेळी मी अंदाजानं बोलत नव्हतो. त्या रस्त्यावरचा फूट न् फूट मी चाललेला होतो.

बायकांनी खडीचा ट्रक दहा मिनिटांत हातांनी रिकामा केला. कुणाचं घोंगडं, कुणाची वाकळ, दवाखान्याचं ते लाल कांबळं, सगळं खाली अंथरलं. चाचांनी वाटेत उभा असलेला रोलर शेतात उतरवला. आडवे लावलेले दगड बायकांनी पळत जाऊन बाजूला लोटले. ट्रक निघाला. मागं गंगू, तिच्याशेजारी बाई, आणि फळीला धरून मी. बाईंनी वाटेत दोनदा ट्रक थांबवला. थांबवला म्हणजे इंजिनसुद्धा बंद करायला लावलं. उन्हात, त्या कोऱ्या रस्त्यावर, आम्ही सगळे श्वास धरून उभे आणि बाई वाकून पोटाला कान लावलेल्या. ड्रायव्हर म्हणाला, "बाई, येळ जातोय."

"जाऊ दे," त्या म्हणाल्या. "तिथं डॉक्टरला काय सांगू? अंदाज?" आणि गंगूचा हात दाबून, "हाय गं. हाय. अजून हाय."

अकलूजला पोचताच गंगूला आत घेतलं. डॉक्टरांनी लगेच पोट उघडायचं ठरवलं. मी बाहेर पायरीवर बसलो होतो आणि मला माझेच तीन शब्द राहून राहून दिसत होते. त्यांच्याखालची सहीसुद्धा. ते शब्द तसेच राहिले असते, तर रस्ता त्या भिंतीमागून गेला असता. ट्रक पळत असते, रोलर धडधडत असता, आणि मंदावलेले ते ठोके मंदावलेत हे कुणालाच कळलं नसतं. कुणाला दोषही लागला नसता. गंगूचं नशीब म्हणून लोकांनी सोडून दिलं असतं, आणि मीही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई एस.टी.नं परत आल्या. बायका कामावर बसलेल्या होत्या. बाईंनी माळावरूनच सांगितलं, "मुलगी झाली. आवाज तुमच्या रोलरपेक्षा मोठा आहे." बायका हसल्या, रडल्या. चाचांनी आकाशाकडं बघून काहीतरी पुटपुटलं आणि रोलर सुरू केला. मला बाईंना काहीतरी म्हणायचं होतं. "बाई..." म्हणालो तेवढ्यात त्या म्हणाल्या, "मला आंघोळ करायचीय हो. काल दुपारपासून अशीच आहे." आणि आत गेल्या.

ते म्हणायचं राहूनच गेलं. रस्ता पुरा झाला, माझी बदली करकंबकडं झाली, मग आणखी कुठं कुठं. बाईंचीही बदली झाल्याचं कळलं. पण त्यानंतर जिथं जिथं रस्ता आखला, तिथं आधी वाटेतल्या प्रत्येक शाळेत, दवाखान्यात, घरात जाऊन बसलो. खात्यातली माणसं हसायची. "हा रस्ता मोजत नाही, कान लावून ऐकतो," म्हणायची. मला ते आवडायचं.

निवृत्तीनंतर पुष्कळ वर्षांनी अक्कलकोटला जाणं झालं, तेव्हा विचारत विचारत बाईंच्या गावी गेलो. त्यांच्या धाकट्या बहिणीचं घर सापडलं. बाई तिच्याकडंच राहायच्या.

"अक्का मागच्या उन्हाळ्यात गेल्या," बहिणीच्या सुनेनं सांगितलं.

मी तसाच दारात उभा राहिलो. सुनेनं आत बोलावलं, पाणी दिलं. बहीण म्हातारी, मराठी तिला बेताचंच यायचं. सून सोलापूरची, तिला दोन्ही भाषा येत होत्या. "अक्कांचं काय काम होतं?" तिनं विचारलं.

काम काही नव्हतं. एक सांगायचं राहिलं होतं, ते सांगायला आलो होतो. मग मी ते त्या दोघींनाच सांगितलं. मी एक वाक्य म्हणायचो, सून ते कन्नडमध्ये सांगायची आणि म्हातारी पदर ओठांवर धरून ऐकायची. तात्यांच्या उसाला ती हसली. ट्रक निघाला तेव्हा तिनं सुनेचा हात धरला. मुलगी झाली म्हटल्यावर ती सुनेशी कन्नडमध्ये काहीतरी बोलली.

"सासूबाई म्हणतात, अक्कांनी घरी यातलं कधी काहीच सांगितलं नव्हतं," सून म्हणाली. "नुसतं म्हणायच्या, नोकरी केली."

म्हातारीनं डोळे पुसले आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "इन्नोम्मे हेळ्री."

"पुन्हा एकदा सांगा म्हणतात," सून म्हणाली. "मामंजी शेतातनं यायची वेळ झालीय. त्यांनी पण ऐकू दे म्हणतात. आणि आता जेवूनच जा."

बाहेर माझ्या परतीच्या चारच्या एस.टी.चा हॉर्न वाजला. मी उचललेली पिशवी पुन्हा खाली ठेवली, आणि म्हातारा पाय धुऊन येऊन बसल्यावर पहिल्यापासून सांगायला लागलो.